शून्य नंबरचं पान

महिन्याच्या दुसऱ्या रविवारी
मी शटर अर्धंच उघडतो.
पूर्ण उघडलं की लोक आधारकार्डाची झेरॉक्स मागतात.
वाकून आत या, असं सांगून ठेवलंय सगळ्यांना.
गोकुळ येऊल उंच आहे,
तीनदा लागलं कपाळाला, तरी येतो.

अंजनगाव सुर्जी, पानअटाईच्या मागं
दहा बाय चौदाची खोली.
लॅपटॉप चार.
त्यातल्या निखतच्या लॅपटॉपचा एम दाबला जात नाही,
म्हणून ती कोडमध्ये ‘नेम’ लिहीत नाही, ‘नाव’ लिहिते,
आणि जिथं टाळताच येत नाही तिथं
कुठून तरी एक एम कॉपी करून आणते,
शेजारणीकडून विरजण आणावं तसा.

बाकीचे मोबाईलवर.
बाबूलाल जांभेकर पहाडावरून उतरतो,
परतवाड्याला गाडी बदलतो.
घरी रेंज नाही, म्हणून महिन्याभराचा कोड वहीत,
निळ्या पेनानं, समासासकट.
इथं येऊन टाईप करतो
आणि सातव्या ओळीत चूक निघाली
की आधी वहीत खोडतो, मग स्क्रीनवर.

मला स्वतःला यातलं फारसं येत नाही.
पुण्याला आठ महिने होतो. परत आलो.
हे इथं कोणी विचारत नाही, हीच एक सोय.
माझं काम एक्स्टेन्शन बोर्डाचं,
आणि ज्याचं अडलं त्याला
ज्याला येतं त्याच्या शेजारी सरकवायचं.
एकदा एक साहेब आले, म्हणाले
मंडळाला नाव ठेवा, फ्लेक्स लावू.
फोटो काढून झाल्यावर ते गेले.
पहिल्या वर्षी एका रविवारी एकच जण आला,
तोही टीसीची झेरॉक्स मागायला.
त्याला दोन तास बसवून घेतलं.
पुन्हा नाही आला तो.

मागच्या महिन्यात भर दुपारी लाईन गेली.
वाया गेलेल्या झेरॉक्स पालथ्या घातल्या
आणि पोरं कागदावरच प्रोग्राम चालवत बसली,
एकेक ओळ, बोट ठेवून.
गोकुळचा प्रोग्राम पानं मोजायचा होता,
त्याच्या काकांच्या मळ्यातल्या कवळ्यांचा हिशोब.
शेषरावकाका उन्हातून आत आले होते, नुसतेच,
पायरीवर बसून ऐकत होते.
“शून्यापासून कोन मोजते बे?”

निखतनं समजावलं. यादीतलं पहिलं ते शून्य नंबरचं,
मग एक, मग दोन.
काकांचा अंगठा बोटांवरून सरकत राहिला,
हातात पानं नसताना पानं मोजल्यासारखा.
मग म्हणाले,
“आमचा बुढा कवळी मोजे
तवा वरचं पान बाजूले ठेवे. देवाचं.
ते मोजाचं नाही.
पन ते ठेवल्याबिगर मोजनी सुरू होत नोहती.”

कोणी काही बोललं नाही.
शेजारच्या मेडिकलचा इन्व्हर्टर टुंई टुंई करत होता.
बाबूलालनं वही उघडली
आणि समासात लिहिलं: शून्य म्हणजे देवाचं पान.

“मंग शंभरावं पान कोन्तं?” काकांनी विचारलं.
“नव्व्याण्णव नंबरचं,” गोकुळ म्हणाला.
“लुटते तुले येपारी,” म्हणत
काका इतके हसले की तंबाखू सांडली.

लाईन आली साडेपाचला.
तोवर बाबूलालची गाडी निघून गेली होती,
सोबत खोडलेली सातवी ओळ.

आलुबोंडे मी डोकी मोजून आणतो,
आणि दरवेळी एक कमी पडतो.
कोण राहिलं, निखत विचारते,
सगळ्यांच्या हातांकडं बघते.
सगळ्यांना मिळालं, मी म्हणतो,
आणि अर्ध्यावरचं शटर खाली ओढतो.

बोर्डात कुणाचा तरी चार्जर राहिलाय,
वायरीला दोन ठिकाणी चिकटपट्टी.
काढून गल्ल्यात ठेवतो.
येईल न्यायला. नाही तर पुढच्या दुसऱ्या रविवारी.